कंट्रोलरची गुरुवारची वही

शमुवेल हिवाळे ह्या माणसाचं एकही मत मला सव्वीस वर्षांत पटलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की बाई त्यांची आरती ओवाळायला बसल्यात.

मांडवीकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या पाखाडीवर आमची घरं शेजारी शेजारी. मधे कमरेइतका चिऱ्यांचा गडगा. अलीकडे मी, मालिनी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. पलीकडे हिवाळे आणि त्यांची बायको करुणावहिनी. हिवाळे मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, पण नोकरी सगळी रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर. वाहतूक नियंत्रक, म्हणजे कंट्रोलर. इथे तीस वर्षांत ज्याने म्हणून गाडी पकडली, त्याने लाउडस्पीकरवर ह्यांचा आवाज ऐकलेला आहे. आता वय एकाहत्तर, छातीत एक स्टेंट, आणि आवाज तसाच, गाडी सुटल्याचं सांगणारा.

रोज सकाळी साडेसातला गडग्यावर आमची पेपरांची अदलाबदल होते. मी एक घेते, ते दुसरा घेतात. त्यांच्याकडून येणारा पेपर लाल पेनाने रंगवलेला असतो. घटस्फोटाची बातमी, लाल. ऑनलाइन रमीची जाहिरात, लाल. लग्नाशिवाय कुणाबरोबर राहणारी सिनेमातली बाई, तिच्या फोटोभोवती अख्खा चौकोन. इस्राएलच्या बातम्या तर नकाशा मांडीवर घेऊन वाचतात. "बाई, देश चाललाय कुठे?" हे रोजचं पालुपद. मी म्हणते, "तुमच्याच फलाटावरून सुटलाय, तुम्हाला माहीत असायला हवं." की झाली आमची सुरुवात.

रविवारी मासळी घेणार नाहीत, कारण रविवार प्रभूचा. नाताळात तरुण पोरांनी चर्चच्या आवारात डीजे लावला, तर ह्यांनी स्वतः जाऊन वायर उपटली. पहिल्या वर्षी मी गणपतीचे मोदक घेऊन गेले, तेव्हा हात जोडून म्हणाले, "बाई, राग मानू नका, नैवेद्याचं मला चालत नाही." राग मानू नका म्हणे! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पुढच्या वर्षी मी नैवेद्याच्या आधीच, वेगळ्या भांड्यात, वेगळे मोदक उकडले आणि नेऊन त्यांच्या पुढ्यात आदळले. अकरा खाल्ले. तेव्हापासून दर चतुर्थीला पहिलं मोदकपात्र कंट्रोलरचं, दुसरं गणपतीचं. सासूबाई असत्या तर मला घराबाहेर काढलं असतं.

राजकारणात तर ते माझ्या पार उलट्या टोकाला. सत्तेवर जो बसलाय तो देवाच्या परवानगीने बसलाय, त्याला मान द्या, कायदा पाळा, मोर्चेबिर्चे काढू नका. मी जन्मभर शिक्षकांच्या मोर्च्यात पुढे घोषणा देणारी. मला हे ऐकून अंगाची लाही व्हायची. पण एकदा निवडणुकीच्या तोंडावर एक उमेदवार शाल, पुष्पगुच्छ आणि फोटोग्राफर घेऊन त्यांच्या चर्चमध्ये शिरला, तेव्हा हेच गृहस्थ उठून म्हणाले, "भक्ती चाललीय. मागच्या बाकावर बसा, संपल्यावर चहा आहे." उमेदवार बसला नाही आणि चहालाही थांबला नाही. त्यांच्याच मंडळीतले लोक चिडले, आपण मूठभर, कशाला वैर घेता म्हणून. त्यावर ह्यांचं उत्तर असं की मान द्यायचा तो चौकीत नि कचेरीत, भक्तीत फक्त एकालाच.

आता वहीचं सांगते, कारण सगळं रामायण त्या वहीवरून झालं.

हिवाळे त्यांच्या चर्चचे वडील आहेत. वडील म्हणजे मंडळीने निवडलेला जबाबदार माणूस, पाळकांच्या खालोखाल. कुणी आजारी पडलं, अडचणीत आलं, तर घरी जाऊन प्रार्थना करायची हे वडिलांचं काम. कंट्रोलर ते काम स्टँडवरच्यासारखं करतात. एक जाड वही, पट्टीने आखलेले चार रकाने: तारीख, नाव, कारण, शेरा. दर गुरुवारी संध्याकाळी पाचला पडवीत बसून एकेक नाव घेऊन प्रार्थना करायची आणि पुढे त्या दिवसाची तारीख टाकायची. मागितलं ते झालं की लाल पेनाने शेरा. पानाखाली जागा उरली तर तिरकी रेघ मारून बंद, मागाहून कुणी काही घुसडायला नको. कारण मात्र ते पूर्ण लिहितात, आडपडदा न ठेवता. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "देवाला अर्धवट कसं सांगणार, बाई?"

आणि नावं काय फक्त त्यांच्या मंडळीतली आहेत होय! पाखाडीतलं कोण नाही त्यात? कोपऱ्यावरच्या शरीफाचा नवरा आखातात अडकला होता, त्याचं नाव आहे. कुणाला मूल होत नाही, कुणाचा मुलगा पितो, कुणाच्या सुनेचं मन थाऱ्यावर नाही. लोक येता जाता सांगतात, "कंट्रोलर, आमचं पण घाला वहीत." देवळात नवस बोलतात, दर्ग्यात चादर चढवतात आणि जाता जाता इथे नाव घालतात. आमच्याकडे हे असंच चालत आलंय, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

यंदाच्या श्रावणात गंगुबाईचा पाय सुजला. गंगुबाई पाखाडीच्या वरच्या टोकाला एकटी राहते, चार घरची धुणीभांडी करते. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालूच होत्या. तिने कंट्रोलरना निरोप धाडला, ते आणि करुणावहिनी गेले, त्यांच्या रीतीप्रमाणे तिच्या कपाळाला तेलाचं बोट लावलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि मांडीवरच्या वहीत नाव लिहिलं. दारातून कुणीतरी त्याचा बावीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. शनिवारपर्यंत तो गावातल्या प्रत्येक फोनवर. वर मथळा: भरदिवसा धर्मांतर, नावांची यादी पाहा.

तक्रार केली अजिंक्यने. गंगुबाईच्या सख्ख्या भावाचा मुलगा. आठवीत माझ्या वर्गात होता, आता कुठल्याशा संघटनेचं काम करतो. आत्याकडे वर्षातून दोनदा फिरकणारा हा माणूस, तिचा पाय सुजलाय हे त्याला व्हिडिओवरून कळलं. लाज वाटली असणार, आणि मग ती लाज काढायची कुणावर?

सोमवारी हिवाळ्यांना चौकीत बोलावणं आलं. तिथले साहेब तसे सभ्य. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "काका, तक्रार आलीय, मला चौकशी करावीच लागेल. ती वही बुधवारी अकरापर्यंत आणून दाखवा. त्यात काही नसेल तर विषय इथेच मिटेल. नाही आणलीत, तर मला पुढची कारवाई करावी लागेल." तेव्हा धर्मांतराविरुद्धच्या नव्या कायद्याची पेपरात रोज चर्चा चालली होती, त्यामुळे सगळेच जपून होते.

करुणावहिनी धावत मला सांगायला आल्या. मी म्हटलं, "मग द्या की वही! एवढं घाबरायचं काय त्यात?" त्या गेल्या. मी भाजी चिरायला बसले, आणि विळीवरच हात थांबला. त्या वहीत माझंही पान होतं.

चार वर्षांपूर्वी माझा मुलगा गंधार पुण्याहून आला आणि त्याने मला सांगितलं की तो लग्न करणार नाही. तो शार्दूल नावाच्या मुलाबरोबर राहतो, दोघं एकमेकांचे आहेत आणि तसेच राहणार आहेत. मी मोर्च्यातली पुढारी, समतेवर भाषणं ठोकणारी. त्या दिवशी मी जे बोलले ते लिहायची मला आजही लाज वाटते. तो उठला, बॅग उचलली आणि गेला. त्यानंतर त्याचा फोन नाही, मी केला तर उचलत नाही. सख्ख्या बहिणीलाही मी सांगितलं नाही. विचारलं कुणी तर 'कामात आहे'. शेवटी एका गुरुवारी गडग्याशी उभी राहून मी कंट्रोलरना सांगितलं. सगळ्या जगात फक्त त्यांना.

आणि हा तो माणूस, ज्याने तसल्या संबंधांना गुन्हा मानायचं नाही असं वरच्या कोर्टाने ठरवलं तेव्हा पेपरला विरोधाचं पत्र पाठवलं होतं. छापून आलं होतं ते. गंधारने वाचलंही होतं. कदाचित म्हणूनच मी त्यांना सांगितलं असेन. जो आधीच वाईट म्हणतोय त्याच्यापुढे आणखी खाली काय जायचं?

त्यांनी हातातलं पेन वहीवर ठेवलं. मग म्हणाले, "बाई, मी जे मानतो ते मानतो. तुमच्यासाठी ते बदलणार नाही. पण पोराचा तुम्हाला फोन यावा, एवढं मी मागीन. नाव घालू?"

"घाला," मी म्हटलं.

आठ महिन्यांनी फोन आला. आता दर रविवारी येतो, आम्ही बोलतो, शार्दूलशीही दोन शब्द बोलते मी. पण इथे पाखाडीत मी तेव्हाही सगळ्यांना सांगत होते की गंधारला मुली बघतोय. आणि बुधवारी ती वही चौकीतल्या टेबलावर उघडणार होती, समोर अजिंक्य, त्याच्या हातात फोन.

सोमवारी संध्याकाळी मी गडग्याशी गेले. हिवाळे खुर्चीत बसले होते, वही मांडीवर.

"माझ्या पानावर काय लिहिलंय?" मी विचारलं.

"जे तुम्ही सांगितलं ते."

"सगळं?"

"सगळं."

"अहो, फाडा ते पान! नाहीतर जाळून टाका अख्खी वही. बंब पेटवायला काहीतरी लागतंच."

"अधिकाऱ्याने मागितलेली वस्तू जाळायची? हे खोटं झालं, बाई."

"मग देणार?"

"नाही."

"म्हणजे? देणारही नाही, जाळणारही नाही. लोणचं घालणार आहात का तिचं?"

"जाऊन सांगीन की वही आहे आणि मी देणार नाही."

"आणि तुमचं ते सत्तेला मान देणं? आयुष्यभर माझं डोकं खाल्लंत त्याच्यावरून!"

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसत बसले, पुसत बसले. "मान देणार. अटक केली तर गुपचूप जाईन. पण लोकांनी देवासाठी सांगितलेलं मी माणसाच्या हातात कसं देऊ?"

मंगळवारी सकाळी त्यांचे पाळक आले. तरुण आहेत, घाबरलेले होते. त्यांनी तोड काढली की रातोरात दुसरी वही करा, त्यात फक्त आपल्या मंडळीची नावं घाला आणि ती दाखवा. मी गडग्यापलीकडून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, करा रे बाबांनो, करा. हिवाळे म्हणाले, "तीस वर्षांत मी गाडीची सुटायची वेळ दोन मिनिटांनीसुद्धा खोटी लिहिली नाही." पाळक निघून गेले. जाताना म्हणाले की उद्या काही झालं तर ते सगळ्या मंडळीवर येईल.

मग करुणावहिनी माझ्याकडे आल्या. डोळे सुजलेले. "मालिनीताई, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमच्याशी भांडतात, पण तुमचंच ऐकतात. छातीचं दुखणं आहे हो. आत ठेवलं एक रात्र जरी, तरी..."

मी काय सांगणार? तो माणूस ज्यांच्यासाठी तोंड मिटून बसला होता त्यांत मीही होते, आणि मी त्याला खुशाल बसू देत होते. वहिनींच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "बघते." असली भित्री मी! माझी मलाच किळस आली.

दुपारी मी गंधारला फोन लावला. कामाच्या वेळेला मी कधी करत नाही, त्यामुळे तो आधी घाबरला. मी सगळं सांगितलं. वहीचंही, त्यात त्याचं नाव आहे हेही. तो हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं.

"कंट्रोलरकाकांच्या वहीत माझं नाव? ज्यांनी ते पत्र लिहिलं होतं त्यांच्या?"

"हो रे. चुकलं माझं. तुझी गोष्ट मी..."

"आई, एक मिनिट. माझी गोष्ट लपलेली नाहीये. ऑफिसात माहीत आहे, घरमालकांना माहीत आहे. शार्दूलच्या आजीला माहीत आहे, नव्वद वर्षांच्या. लपवतेयस ती तू."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला कुणी नाव ठेवलं तर मला चालतं, आई. तू मला मुली बघतेयस असं सांगत फिरतेस ना, ते मला चालत नाही. मावशीने परवा स्थळ पाठवलं." मग म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला माझ्या नावाखाली अडकवू नकोस."

फोन ठेवला. कुकरची शिट्टी झाली तेव्हा उठले.

बुधवारी साडेदहाला हिवाळे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले, वही पिशवीत, बरोबर करुणावहिनी. मी दाराला कुलूप लावलं आणि त्यांच्या मागून उतरायला लागले. "तुम्ही कुठे?" त्यांनी विचारलं. "पोस्टात," मी म्हटलं. पोस्ट उलट्या दिशेला आहे हे त्यांना माहीत होतं.

चौकीत अजिंक्य आधीच येऊन बसला होता, बरोबर दोघं तिघं. मला बघून उठला. सवयच ती. "बाई, तुम्ही ह्यात पडू नका," म्हणाला, "तुम्हाला कल्पना नाही, दोनशे नावं आहेत त्या वहीत, आपल्या माणसांची."

"तुझ्या आत्याचा पाय कसा आहे?" मी विचारलं. तो खाली बसला.

साहेबांनी हात पुढे केला. "आणा काका."

हिवाळ्यांनी वही पिशवीतून काढली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली. "साहेब, वही ही. मी आणलीय. पण माझ्या हाताने देणार नाही."

"म्हणजे?"

"जप्तीचा कागद करा, मी सही करतो, तुम्ही उचला. मी हात आडवा घालणार नाही. पण ह्यात लोकांनी विश्वासाने सांगितलेलं आहे. देणारा मी होणार नाही."

"काका, हा सरकारी कामात अडथळा होतो, कळतंय ना?" साहेबांचा आवाज चढला. "मी चांगल्याने सांगतोय."

"कळतंय साहेब. तुमचं चुकत नाही."

"बघा! लपवण्यासारखं आहे म्हणूनच!" अजिंक्य ओरडला आणि त्याने फोन वर धरला. साहेबांनी हवालदाराला कागद आणायला सांगितलं. करुणावहिनी भिंतीला टेकल्या. हिवाळ्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि डावा हात त्यांनी वहीखालून छातीवर दाबून धरला होता, ते मला दिसलं.

"साहेब, थांबा," मी म्हटलं. "त्या वहीत एक पान माझं आहे. माझं मी वाचून दाखवते. त्याला तर कुणाची हरकत नाही?"

"बाई, नको," हिवाळे म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मला कापरा वाटला.

"गप्प बसा हो तुम्ही. पान काढा."

त्यांनी काढलं. शोधावं लागलं नाही, बोट थेट त्या पानावर. खिशातला रुमाल घडी करून वरच्या नावांवर ठेवला, खालच्या नावांवर आपला पंजा, आणि मधली तेवढीच नोंद माझ्यासमोर धरली. मी चष्मा लावला. काय लिहिलंय ते मलाही माहीत नव्हतं.

"नाव, गंधार, मालिनीबाईंचा मुलगा, पुणे," मी वाचायला लागले. "कारण. मुलगा एका पुरुषाबरोबर संसार करतो. हे बायबलच्या वचनाविरुद्ध आहे."

वाटलं, वही मिटावी आणि त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात घालावी. पण वाचायला घेतलं होतं, मग सगळंच वाचायचं. "आईने रागाने बोलून त्याला घालवले. आई एकटी आहे. रात्री तिच्या घरातला दिवा बंद होत नाही. त्याने आईला फोन करावा."

पुढे तारखा होत्या. गुरुवार, गुरुवार, गुरुवार. मी त्याही वाचल्या, एकेक. मधेच एक होती ती त्यांचा स्टेंट टाकला त्या आठवड्यातली; दवाखान्यात वही मागवली असणार. एकूण चौतीस. शेवटी लाल शाईत: फोन आला, देवाची स्तुती.

मी चष्मा काढला. "हे माझं धर्मांतर, साहेब. अजिंक्य, घेतलंस ना रेकॉर्ड करून? नीट आलंय का आवाज? नाहीतर पुन्हा वाचते. माझ्या मुलाचं नाव गंधार, तो शार्दूलबरोबर राहतो, आणि मी चार वर्षं लोकांना खोटं सांगतेय. आणि साहेब, ह्या माणसाला सव्वीस वर्षांत माझं एक मत बदलता आलेलं नाही, धर्म काय बदलणार कपाळ!"

अजिंक्यचा फोन कधी खाली गेला ते मला कळलं नाही. साहेबांनी हवालदाराला हातानेच थांबवलं. गंगुबाईचा जबाब आदल्या दिवशीच झाला होता, 'मीच बोलावला' असा. आता माझा घेतला. साहेबांनी त्यावर सही करायला लावली आणि म्हणाले, "तूर्त एवढं पुरे. लागलं तर पुन्हा बोलावीन." म्हणजे मिटलं असं नाही. पण त्या दिवशी हिवाळे आपल्या पायांनी घरी आले.

परतताना पाखाडीच्या पायऱ्यांवर ते दम खायला थांबले. "बाई," म्हणाले, "ते वाक्य..."

"वाचलं मी."

"मी अजूनही तसंच मानतो."

"माहीत आहे. आणि मला अजूनही तुमचा संताप येतो. चला वर, ऊन लागतंय."

संध्याकाळपर्यंत पाखाडीला कळलं होतं. बहिणीचा फोन आला. ती रडली, मग रागावली, मग म्हणाली ते स्थळ आता परत कसं कळवू. काहीजणी माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागल्या. एक दोघींनी दार लोटून घेतलं. सोसलं. न सोसून काय करते?

दुसऱ्या दिवशी गुरुवार. पाचला मी गडग्याशी गेले तर पलीकडे गंगुबाई पायरीवर बसलेली, पाय लांब करून. "माजा नाव काडून टाका, कंट्रोलर," ती खाली मान घालून म्हणत होती. "अजिंक्या आता रोज येतो बगायला. त्याला नको वाटतां ता." हिवाळ्यांनी काही विचारलं नाही. पट्टी ठेवून नावावर सरळ रेघ मारली. शरीफाचाही तसाच निरोप आला होता, आणखीही दोन तीन घरांचा. वहीचं ते पान बघवत नव्हतं. ज्यांच्यासाठी हा माणूस आत जायला निघाला होता, तेच आता एकेक करून उतरून चालले होते. ह्यांच्या चेहऱ्यावर मात्र काही नाही. प्रवाशाने तिकीट रद्द केलं, एवढंच.

गंगुबाई गेल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमचंही काढू?"

"माझं काढायला काय उरलंय आता? नवीन ओळ घाला."

त्यांनी पट्टी खाली सरकवली. "नाव?"

"गंधार. चतुर्थीला येतोय."

लिहिलं. "कारण?"

"प्रवास नीट व्हावा." मी थांबले. "आणि तो एकटा येत नाहीये."

पेन थांबलं. करुणावहिनी चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच उभ्या राहिल्या. हिवाळे वहीकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मदत करायची नाही असं मी ठरवलं होतं. मनात म्हणत होते, लिहा, पुन्हा ते वाक्य लिहा, मग बघा मी काय करते. पान फाडीन. ह्या वर्षीपासून पहिलं मोदकपात्र बंद. गडग्यावर काटेरी तार लावीन.

मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कुठली गाडी?"

"काय?"

"कुठल्या गाडीने येतायत?"

"स्वारगेटची. सकाळी सहाला पोचते."

"सहाला कुठली पोचायला? घाटात रस्ता खराब आहे. साडेसात धरा." आणि ते लिहायला लागले, एकेक अक्षर, पट्टी ओळीखाली धरून. मग वही फिरवून माझ्यापुढे केली. ह्या वेळी ना रुमाल ठेवला, ना पंजा.

कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: स्वारगेट ते रत्नागिरी. सुखरूप पोचावेत. प्रवासी दोन.

मला एकदम भरून आलं. ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. "अक्षर बिघडलंय तुमचं," मी म्हटलं.

"हात थरथरतो आता," ते म्हणाले, आणि खाली उरलेल्या जागेवर तिरकी रेघ मारून त्यांनी वही मिटली.